अनुभव धागा: त्रिनिदाद – कला घडताना कुठे पाहिलीत?

रानजाई (धागाकर्ती)

त्रिनिदाद म्हटलं की आपल्याकडे आधी क्रिकेट निघतं, आणि त्यात वावगं काही नाही. १९७१ साली वाडेकरांच्या संघातून गावसकर पोर्ट ऑफ स्पेनला पहिली कसोटी खेळले, मालिकेत ७७४ धावा कुटल्या आणि तिथल्या लॉर्ड रिलेटर नावाच्या कॅलिप्सो गायकाने त्यांच्यावर गाणंच रचलं. हरलेल्यांनी जिंकणाऱ्याचं गाणं करावं, एवढ्यानेच ते बेट मला आवडलं होतं.

हा धागा मात्र क्रिकेटचा नाही. नोकरीनिमित्त, नातेवाइकांकडे किंवा नुसतं भटकायला तिकडे गेला असाल, तर तिथली कला कुठे बघितलीत ते लिहा. हॉटेल, बीच, व्हिसा कृपया नको. कार्निव्हलचं तिकीट काढून पाहिलेलंही चालेल, पण माझं ठाम मत असं की तिथली खरी गंमत कार्यक्रमात नसून त्याआधीच्या तालमीत आहे.

मीच सुरुवात करते. जानेवारी-फेब्रुवारीत पोर्ट ऑफ स्पेनच्या पॅनयार्डांमध्ये, म्हणजे स्टीलपॅन (तेलाच्या पिंपाचं वाद्य) वाजवणाऱ्या बँडांच्या अंगणांत, संध्याकाळी तालमी चालतात. शार्लट स्ट्रीटवर रेनेगेड्स हा बँड, ड्यूक स्ट्रीटवर ऑल स्टार्स. जाऊन उभं राहायचं, कोणी हटकत नाही. १९६३ पासून चालत आलेल्या पॅनोरमा या स्टीलबँडच्या स्पर्धेसाठी मोठ्या बँडमध्ये शंभरावर वादक असतात आणि बहुतेक जण कागदाशिवाय, ऐकून पाठ करतात. अरेंजर चार ओळी वाजवून दाखवतो, मग तेवढ्याच पुन्हा पुन्हा. माझ्या समोरची मुलगी शाळेच्या गणवेशातच होती. मधोमध ‘इंजिन रूम’: तिथे गाड्यांचे जुने ब्रेक ड्रम लोखंडी सळ्यांनी बडवतात आणि अख्खा बँड त्या ठोक्यावर चालतो. प्रत्यक्ष स्पर्धेत मला मैदानातली मंडळी मुंगीएवढी दिसली. यार्डात हाताच्या अंतरावर होती.

ठोकपत्रा

आमचं घराणं पुण्याच्या तांबट आळीतलं, त्यामुळे मी वाजवणाऱ्यांपेक्षा घडवणाऱ्याकडेच बसून राहिलो. पंचावन्न गॅलनचं तेलाचं पिंप उलटं करून त्याचा तळ हातोड्याने आत दाबत नेतात. परातीसारखा खोल बाक आला की त्यावर सुरांच्या जागा आखून कडांवर पंचने खाच मारतात. मग पिंप कापायचं: उंच सुराच्या पॅनची कड आखूड, खर्जाच्या पॅनला जवळजवळ पूर्ण पिंप. नंतर विस्तवावर तापवणं. आणि शेवटी सूर लावणं, जे सगळ्यात वेळखाऊ.

ट्यूनर एका सुराला खालून बारीक टोला द्यायचा, ऐकायचा, वरून द्यायचा, पुन्हा ऐकायचा. शेजारचा सूर तेवढ्यात बिघडलेला असायचा. मग तो. आमच्याकडे मठारकामात टोला चुकला तर डोळ्याला दिसतो, इथे पत्रा दिसायला ठीकच असतो.

ब्रिटिशांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ढोलांवर बंधनं घातली, तेव्हा लोक बांबू आपटून ताल धरू लागले. पुढे बिस्किटांचे डबे, मग पिंपं. तळ आतल्या बाजूला दाबायची कल्पना एली मॅनेटची मानतात. आता स्टीलपॅन हे त्या देशाचं राष्ट्रीय वाद्य आहे. बंदी घातली नसती तर काय झालं असतं, असा विचार उगाच येऊन गेला.

ताशाकाठी

पथकात ताशा वाजवतो, त्यामुळे मोहरमच्या सुमारास सेंट जेम्सला होसे बघायला मिळाला याला नशीबच म्हणतो. होसे म्हणजे हुसेन. उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या गिरमिटियांनी (करारावरच्या मजुरांनी) तो सोबत नेला. बांबू-कागद-चमकीचे ताजे (ताबूत) ठरलेल्या घराण्यांच्या अंगणात बांधतात आणि काम चालू असेतो बांधणारे मांस-दारू वर्ज्य करतात. (रस्त्यावरच्या बघ्यांचं काही सांगू नका.) ताज्यांबरोबर लाल आणि हिरवा असे दोन चंद्र असतात. एकेक माणूस चंद्राचा भार खांद्यावर पेलून गिरकी घेतो, दमला की दुसरा खाली शिरतो. शेवटी सगळं समुद्रात विसर्जित. आमच्याकडचे कडेगावचे ताबूत ज्यांनी पाहिलेत त्यांना ओळखीचं वाटेल.

आता ताशाचं. पारंपरिक ताफा चौघांचा: दोन ताशे, एक मोठा ढोल, एक झांज. एक ताशा ठेका धरून ठेवतो, त्याला ‘फुले’ म्हणतात. दुसरा ‘कटर’, तो त्यावर तुकडे फेकत राहतो. ढोल एका बाजूला टोल्याने, दुसऱ्या बाजूला हाताने, अगदी आपल्यासारखा. रस्त्याच्या कडेला पुठ्ठे पेटवून बकऱ्याच्या कातड्याचे ताशे शेकत होते. आवाज जरा बसला की गडी बाहेर येणार, ताशा जाळावर धरणार, बोटाने टिचकी मारून बघणार, परत आत. हल्ली तिथेही सिंथेटिक पानं आली आहेत, पण शेकलेल्या कातड्याच्या आवाजात जी धार होती ती आमच्या फायबरमध्ये नाही, हे पथकातल्या पोरांना आवडणार नाही तरी लिहितोच. आम्ही पन्नास ताशे एका सुरात बडवतो. तिथे चौघांत एकालाही लपायला जागा नाही.

१८८४ मध्ये सॅन फर्नांडोला याच मिरवणुकीवर गोळीबार झाला, माणसं मेली. तरी होसे टिकला. मुसलमानांचा सण, पण ताजे ओढायला आणि वाजवायला सगळे असतात.

कुवावासी

पॉइंट लिसासच्या कारखान्यात नोकरी, बिऱ्हाड कुव्याला. रानजाईताई, तुम्ही सगळे राजधानीतच अडकलात! जरा दक्षिणेला या.

वॉटरलूचं समुद्रातलं मंदिर बघाच. शिवदास साधू हा ऊसमळ्यातला मजूर. १९४७ मध्ये त्याने किनाऱ्याजवळ मंदिर बांधलं, जागा साखर कंपनीची निघाली. मंदिर पाडलं, त्याला दंड आणि तुरुंग. बाहेर आल्यावर गड्याने समुद्रातच भराव घालायला घेतला, कारण तो कोणाच्या सातबाऱ्यावर नाही. सायकलवरून दगड-सिमेंट नेत पंचवीसेक वर्षं. आजचं मंदिर १९९५ च्या आसपास, हिंदुस्थानी लोक आल्याला दीडशे वर्षं झाली तेव्हा, नव्याने उभं केलेलं आहे. मी ओहोटीला जायचो: चिखल, त्यात बांबूच्या झंड्या, बाजूला स्मशान. चकचकीत काही नाही.

जवळच कारापिचैमाला दत्ताचं मंदिर आणि ८५ फुटी मारुती. दत्त म्हणून नरसोबाची वाडी शोधू नका, बांधणी दाक्षिणात्य आहे, मठ म्हैसूरचा. मराठी माणूस गिरमिटात इकडे फारसा आलाच नाही. मॉरिशसची गोष्ट वेगळी.

आणि फेलिसिटी गावची रामलीला, उघड्या मैदानात, गावातलीच पोरं धनुष्यबाण घेऊन. कवी डेरेक वॉलकॉट यांनी १९९२ च्या नोबेल भाषणाची सुरुवात या रामलीलेनेच केली होती. मी गेलो तेव्हा रावणाच्या पुतळ्याला अजून हात बसवायचे होते आणि दोघं जण भाता कोणाचा यावरून भांडत होते.

रेघोट्या

थोडा विरोधी सूर. फक्त ‘घडताना’ बघायचं म्हणून कार्निव्हलचे दोन दिवस टाळू नका. मणी-पिसांच्या बिकिन्या सगळीकडे दिसतात, खुद्द तिथले लोकही त्यावर कुरकुरतात. पण सोमवारी पॅरामिनच्या डोंगरात निळ्या रंगाने माखलेली ब्लू डेव्हिल्स मंडळी रॉकेलचे डबे वाजवत पैसे मागतात, ते तालमीत दिसत नाही. पीटर मिनशॉलने मिरवणुकीच्या पोशाखाला रंगभूमी केलं, १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकच्या उद्‌घाटनातही त्याचं काम होतं. कोकोरीटला लहान मुलं काठ्यांवर चालायला शिकतात, ते मात्र तुमच्या नियमात बसेल.

खाऊगल्ली

खाण्याला बंदी नाही ना? डबल्सवाल्याचे हात बघा. ‘बारा’ नावाच्या दोन मऊ तळलेल्या पुऱ्या, वर चणे, चटणी, तिखट (‘पेपर’) किती ते विचारणार, आणि कागदाची दोन टोकं धरून पुडी हवेत गरकन फिरवून बंद. हीही तालीमच.

पुढच्या_बाकावरून

ऑगस्टमध्ये आईला घेऊन जातोय. काही दिसेल का?

रानजाई

११ ऑगस्ट जागतिक स्टीलपॅन दिन आहे, संयुक्त राष्ट्रांनी २०२३ मध्ये जाहीर केला. त्या महिन्यात पॅनचे कार्यक्रम होतात, पण यार्डातली जानेवारीची गर्दी नसेल आणि आईंना तेच बरं पडेल. होसेची तारीख चांद्र पंचांगाने सरकते. रामलीला नवरात्रात, लोपिनो-पॅरामिनकडचं परांग (नाताळची स्पॅनिश गाणी) डिसेंबरात. वॉटरलूचं मंदिर बारमाही आहे. आणि ताज्याच्या अंगणात फोटो विचारूनच काढा.