मदत हवी आहे: वाचनालयातल्या थिन क्लायंटवर लिनक्स चढत नाहीये

वाचनालय_पाटण
नमस्कार मंडळी. एक कॉल सेंटर बंद पडलं, त्यांच्या मालातून आमच्या अभ्यासिकेला आठ थिन क्लायंट (सर्व्हरच्या जोरावर चालणारे छोटे कॉम्प्युटर) मिळालेत. डेबियन लिनक्सचा पेनड्राइव्ह लावला तर उचलतच नाही. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जावं तर पासवर्ड मागतं. सोमवारपासून स्पर्धा परीक्षेची मुलं बसणार आहेत, घरी कॉम्प्युटर नसलेली. लवकर सांगा.

टर्मिनल_सायली
कुठल्या कंपनीचे? मॉडेल? रॅम किती? डेबियन कितवं? थिन क्लायंट म्हटलं की शंभर प्रकार येतात, दादा.

कोकणी_पेंग्विन
विचार करू नका, पपी लिनक्स टाका. माझ्या २५६ एमबीच्या डबड्यावर वर्षानुवर्षं चाललंय.

वाचनालय_पाटण
वाइज लिहिलंय. काळा डबा, पंखा नाही. डेबियन भाच्याने पेनड्राइव्हवर टाकून दिलेलं आहे. पासवर्डचं सांगा ना आधी.

जुना_हार्डवेअरवाला
वाइज म्हणजे व्हिया सी७ प्रोसेसर, ३२ बिट. ६४ बिटचं डेबियन त्यावर जन्मात उठणार नाही. डेबियन १३ पासून तर ३२ बिटचा इन्स्टॉलरच गेला. अँटीएक्स नावाच्या हलक्या लिनक्सची ३२ बिट घ्या.

टर्मिनल_सायली
थांबा हो. सी७ वाइजच्या सी मालिकेत होता. डी मालिकेत एएमडी जी-टी४८ई आहे, दोन कोअर, ६४ बिट. पाटणकर, डबा उलटा करून स्टिकर वाचा. आणि चालू करताच डिलीट दाबत राहा, पासवर्ड फायरपोर्ट. इंग्रजीत, एफ कॅपिटल, बाकी लहान. वाइजचा हा कारखान्यातला पासवर्ड आहे, कुणी बदलला नसेल तर उघडेल. आत यूएसबी बूट बंद असतं, ते चालू करून सेव्ह करा. पुढच्या वेळी सुरू होताना पी दाबा, बूटचा मेनू येतो.

वाचनालय_पाटण
उघडलं!! स्टिकरवर डी१०डी आहे, रॅम २ जीबी. पेनड्राइव्हचा मेनू आला, पण पुढे गेलं की स्क्रीन काळी. मॉनिटर खराब आहे का? दुसरा लावू?

जुना_हार्डवेअरवाला
डी असेल तर ६४ बिट बरोबर. पण आतलं फ्लॅश (डिस्कच्या जागी असलेली चिप) बघा, डी१०डी मध्ये २ जीबी असतं. त्यात डेस्कटॉप मावणार नाही.

टर्मिनल_सायली
मॉनिटर बदलू नका. डेबियन ११ आहे ना ते? त्याच्या नेहमीच्या आयएसओमध्ये (इन्स्टॉलच्या फाइलमध्ये) एएमडी ग्राफिक्सचं फर्मवेअर, म्हणजे ग्राफिक्स चिपला लागणारं सॉफ्टवेअर, नव्हतं. २०२२ मध्ये डेबियनवाल्यांनी मतदान घेऊन ते अधिकृत आयएसओत घ्यायचं ठरवलं, म्हणून १२ पासून आत आहे. तात्पुरतं बघायचं तर मेनूवर टॅब दाबा (मेनू ग्रब नावाचा असेल तर ई), लिनक्सच्या ओळीच्या शेवटी nomodeset जोडा. चित्र येईल, पण व्हिडिओ रखडत चालेल. कायमचं काम डेबियन १२ किंवा अँटीएक्सनेच होईल.

लॅबवाले_सर
आठ डब्यांत आठ वेळा इन्स्टॉल कशाला? एलटीएसपी लावा. एक बरा पीसी सर्व्हर करा, बाकी सगळे नेटवर्कवरून बूट होतील. थिन क्लायंट बनलेच त्यासाठी.

टर्मिनल_सायली
सर, २०१९ नंतरच्या एलटीएसपीत ब्राउझर क्लायंटच्याच रॅमवर चालतो. २ जीबीची अडचण तिथेही राहतेच. आणि सर्व्हर बंद पडला की आठही मुलं हातावर हात धरून बसणार.

लॅबवाले_सर
सर्व्हरला इन्व्हर्टर लावायचा. पण एकदा अपडेट केलं की आठ ठिकाणी झालं, हे तुम्ही धरतच नाही.

घरचा_सर्व्हर
मी अशाच डब्यावर पाय-होल चालवतो. घरभर जाहिराती बंद. कुणाला हवं असल्यास कृती देतो.

वाचनालय_पाटण
नवीन डेबियनने स्क्रीन आली. सायलीताई, मनापासून आभार. ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर एलएक्सक्यूटी हा हलका डेस्कटॉप टाकला, मागच्या पोर्टला लावून ठेवलाय. पण सराव चाचणीची साईट उघडली की कनेक्शन सुरक्षित नाही म्हणतं. वायफाय डोंगल बदलू का?

कोकणी_पेंग्विन
कोपऱ्यातली तारीख वाचा.

वाचनालय_पाटण
२०१२ दाखवतंय.

कोकणी_पेंग्विन
मदरबोर्डवरचा गोल सेल गेलाय. बहुधा सीआर२०३२ असेल, घड्याळवाल्याकडे मिळेल. जुना काढून नंबर बघा, तसे आठ सेल आणा. तारीख मागे असली की ब्राउझरला साईटचं प्रमाणपत्र खोटं वाटतं.

टर्मिनल_सायली
बरोबर. आणि झेडरॅम (रॅममधला डेटा दाबून जागा वाढवणारी सोय) चालू करा, नाहीतर फायरफॉक्सच्या तिसऱ्या टॅबला मशीन गुदमरेल. पुढेमागे पैसे जमले तर रॅम ४ जीबी करा, लॅपटॉपवाली डीडीआर३ लागते. पेनड्राइव्हवर सतत लिहिलं गेलं की तो लवकर मरतो, म्हणून ब्राउझरची कॅश (साईटच्या तात्पुरत्या फाइली) रॅममध्ये ठेवा.

निवृत्त_मास्तर
यावर मराठी टंकलेखन शिकवता येईल का? आमच्या शाळेत मुली विचारतात.

टर्मिनल_सायली
मास्तर, हो. आयबस (भाषा टंकनाचं सॉफ्टवेअर) आणि त्याचं एम१७एन पॅकेज टाका. इनस्क्रिप्ट कळपट (कीबोर्डची मांडणी) मिळतो, गमभनही. पण परीक्षेला कुठला कळपट आहे ते आधी विचारा, नंतर बोटांची सवय मोडणं फार जड जातं.

वाचनालय_पाटण
सेल बसवला, चाचणी पेपर उघडला. उरलेल्या सात मशीनना हाच पेनड्राइव्ह कॉपी करायचाय. क्लोनझिला या कॉपी करायच्या सॉफ्टवेअरने जमेल ना? सगळ्यांचं नाव एकच आलं तर राउटरला गोंधळ होईल का?

लॅबवाले_सर
जमेल. पेनड्राइव्ह सगळे त्याच आकाराचे किंवा मोठे घ्या, छोट्यावर क्लोन बसत नाही. मग प्रत्येकावर होस्टनेम (मशीनचं नाव) बदला आणि मशीन-आयडीची (मशीनच्या ओळख क्रमांकाची) फाइल रिकामी करून रीस्टार्ट करा, नाहीतर दोघांना एकच आयपी मिळू शकतो. तरी एलटीएसपीचा विचार करा.