परदेशात राहताना तिथल्या न्हाणीघरात, मालिशीला जावं की आपलं उटणंच बरं?

धरमपेठची लेक

दिवाळीला नागपूरला घरी आले आहे. नरक चतुर्दशीच्या पहाटे आई तेल-उटणं लावत होती आणि मी तिला कोरियातल्या, सोलमधल्या न्हाणीघराबद्दल सांगत होते. ते ऐकून मामी म्हणाल्या, "परक्या बायांसमोर सगळे कपडे काढून अंग घासून घ्यायचं? काहून पण? आपलं उटणं कमी पडलं काय?" मग फराळाच्या वेळी घरातले सगळेच त्यावर बोलले. मला माझी बाजू नीट मांडता आली नाही, म्हणून इथे लिहिते.

नोकरीसाठी मी साडेतीन वर्षं सोलमध्ये एकटी राहते आहे. पहिल्याच हिवाळ्यात उणे बारा. मी मे महिन्यातल्या ४५ डिग्रीत, वाळ्याच्या ताटीच्या कूलरसमोर वाढलेली. नडग्यांची कातडी पांढरी पडून तडकायला लागली. ऑफिसातल्या एका मोठ्या ताईंनी ते पाहिलं आणि शनिवारी मला जिमजिलबांगला, म्हणजे तिथल्या सार्वजनिक न्हाणीघराला घेऊन गेल्या. तिथे बायकांचं आणि पुरुषांचं न्हाणीघर वेगळं असतं आणि आत अंगावर काहीच ठेवायचं नसतं. न्हाऊन झालं की टीशर्ट-चड्डी घालून सगळे मोठ्या हॉलमध्ये गरम जमिनीवर लोळतात, भाजलेली अंडी खातात, सिक्हे नावाचं तांदळाचं गोड पेय पितात. आजीपासून नातवापर्यंत सगळे.

मला सांगायचं आहे ते घासण्याबद्दल. त्याला सेशिन म्हणतात. आधी अर्धा तास गरम पाण्यात बसायचं, कातडी फुगू द्यायची. मग प्लास्टिकने मढवलेल्या पलंगावर आडवं व्हायचं. साठीच्या एक बाई हातात हिरवा खरखरीत मोजा चढवून आल्या. त्याला 'इटली टॉवेल' म्हणतात. १९६० च्या दशकात बुसानमध्ये तो बनला, कापड इटलीहून आलेलं म्हणून हे नाव. मानेपासून टाचेपर्यंत त्यांनी घासलं. मळाच्या करड्या वळ्या पलंगावर पडत होत्या आणि त्या बादलीने कोमट पाणी ओतून त्या वाहवून देत होत्या. कूस बदलायची वेळ आली की कंबरेवर दोन थापट्या. भाषेची गरजच नाही. तिसऱ्यांदा थापट्या पडल्या तेव्हा मला रडू आलं. आमच्याकडे बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालणाऱ्या मावशी अगदी अशाच दोन थापट्या मारून बाळ पालथं करायच्या.

तोवर आठ महिने मला हस्तांदोलनापलीकडे कुणाचा हातच लागला नव्हता. एकट्या राहणाऱ्या बाईला परदेशात काय होतं ते हेच, आणि याबद्दल कुणी बोलत नाही. त्यानंतर मी दर महिन्याला गेले. माझं ठाम मत आहे की परदेशात राहणाऱ्या प्रत्येकीने तिथल्या बायका जिथे न्हातात तिथे जावं. कातडी गोरी-गुळगुळीत होते म्हणून नव्हे. तिथे पहिल्यांदा आपण पाहुणी राहत नाही, म्हणून.

जुना महाल

बेटा, आठ महिन्यांचं जे लिहिलंस ते वाचून पोटात तुटलं. माझी लेक न्यू जर्सीत आहे, तिनं कधी हे सांगितलं नाही.

पण माझं मत वेगळं आहे. आपल्याकडे अंगाला हात लागतो तो नात्याचा. अभ्यंगाला आई असते, हळदीला आत्या-काकू असतात, बाळंतपणात आई-सासू. पैसे देऊन घेतलेला हात तसा नसतो. आणि अंग झाकणं ही आमच्या वेळची सवय आहे, तिला मागासलेपण म्हणू नये. साठ वर्षं मी बहिणीसमोरही परकर सोडला नाही.

दुसरं असं की उटण्यात घासणं नसतं, चोळणं असतं. मी दरवर्षी घरी करते. संत्र्याची साल सावलीत वाळवायची, उन्हात नाही, वास उडतो. इतवारीतून नागरमोथा, आंबेहळद, कपूरकाचरी, वाळा आणायचा. दळून वस्त्रगाळ करायचं. आधी तिळाचं तेल जिरवायचं, मग उटणं दुधात कालवून हलक्या हातानं. कातडीवर ओरखडा उठला तर ते उटणं जाडं राहिलं असं समजायचं. हे लेकीला पोस्टानं जातं. तुम्ही लोक तिथलं शिकून राहिले, चांगलं आहे, पण हे तिथं कोण करून राहिलं?

डॉक्टर, धंतोली

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, त्यामुळे भावनेचा भाग बाजूला ठेवून लिहिते.

कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो हे खरं, पण तोच आतलं पाणी धरून ठेवतो. उणे बारा तापमानात आधीच तडकलेल्या नडग्या गरम पाण्यात भिजवून खसाखसा घासल्या तर दोन दिवस मऊ वाटतात आणि मग जास्त कोरड्या पडतात. आपल्या वर्णाच्या कातडीला आणखी एक धोका आहे. नायलॉनच्या घासणीने वर्षानुवर्षं रगडणाऱ्यांच्या हाडांवरची जागा, म्हणजे खांदे, गळपट्टीचं हाड, नडगी, काळवंडते. माझ्याकडे असे रुग्ण नेहमी येतात, आणि डाग घालवायला म्हणून ते आणखी घासतात. तो काळेपणा मळाचा नसतो, घासण्याचाच असतो.

मोजा स्वतःचा नवा घ्यावा. नायटा, चामखीळ असल्या गोष्टी अशाच पसरतात. मधुमेहात पायांची संवेदना कमी झालेल्यांनी कढत पाण्यात उतरू नये, गरोदर बाईने तर मुळीच नाही. आणि जुना महाल, उटण्यातल्या आंबेहळदीने अंगावर पुरळ उठलेलेही मी दर दिवाळीनंतर पाहते. घरचं म्हणजे निर्धोक असं समीकरण नाही.

धरमपेठची लेक

डॉक्टर, हे पटलं. खांद्यांवर खरंच थोडा काळपटपणा आला आहे आणि मी तो उन्हाचा समजत होते. तुमच्या बाजूचीच एक गोष्ट सांगते. कोरियात घाम काढायच्या भट्टीसारख्या खोल्या फार जुन्या. पंधराव्या शतकात, राजा सेजोंगच्या काळात तिथे आजारी लोकांना नेत आणि काही जण दगावले. तेव्हा रोग्याला आधी वैद्याने तपासावं आणि मगच आत सोडावं असा हुकूम निघाला, राजाच्या बखरीत तशी नोंद आहे. म्हणजे तिथल्यांनीही हे डोळे मिटून केलेलं नाही.

मस्कतहून परत

मी सरळ विरोधात. 'तिथलं पारंपरिक' हे दोन शब्द ऐकले की शिकलेले लोकसुद्धा विचारायचं थांबतात, हा माझा राग आहे.

मस्कतमध्ये मुलीच्या वाढदिवसाला मेंदी काढून घेतली. पंधरा मिनिटांत काळीभोर. मेंदी कधी काळी रंगते का? तिचा रंग केशरी-तपकिरी असतो, हे आपल्या घरातली दहा वर्षांची पोरही सांगेल. तिसऱ्या दिवशी नक्षीच्या रेघांवरच फोड आले, जशी वेल काढली होती तशी फोडांची वेल. त्यात केसांच्या कलपातलं रसायन होतं, पीपीडी. आता तिला जन्मभर केस रंगवताना भीती. मी तिथे विचारलं नाही, कारण बाई इतकी मायेने बोलत होती.

क्रीमचंही तेच. २०२३ मध्ये आपल्या अकोल्यात एकाच घरातल्या तिघींना गोरं करणाऱ्या क्रीममुळे किडनीचा आजार झाला, क्रीममध्ये पारा सापडला, पेपरात सगळ्यांनी वाचलं असेल. डबीवर काय लिहिलंय ते वाचता येत नसेल तर ती अंगाला लावू नये, मग देश कोणताही असो.

हेलसिंकी ते हिंगणा

रसायनं आणि न्हाणीघर एका मापाने मोजू नका. फिनलंडमध्ये सावनात, म्हणजे वाफेच्या गरम खोलीत, गरम दगड, पाणी आणि बर्च झाडाच्या डहाळ्या, एवढंच असतं. साधारण ५६ लाखांच्या देशात जवळजवळ ३० लाख सावना आहेत. २०२० मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीतही नाव लागलं. पूर्वी गावाकडे बाळंतपण सावनातच व्हायचं, कारण घरातली सगळ्यात स्वच्छ आणि उबदार जागा तीच, आणि मेलेल्या माणसाला शेवटची अंघोळही तिथेच. हे ऐकलं तेव्हा मला आमच्या घरातली बाळंतिणीची खोली आठवली. बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी, दाराला पडदा. पहिले सहा महिने मी सावनाचं बोलावणं टाळत होतो. ज्या दिवशी गेलो त्या दिवसापासून ऑफिसातले लोक माझ्याशी कामापलीकडचं बोलायला लागले.

खामल्याची सून

जुना महाल काकू, तुमचा मान ठेवून लिहिते. आपल्याकडे हात नात्याचाच असतो, हे खरं नाही.

माझ्या दोन्ही बाळंतपणांत सव्वा महिना मालिशवाल्या मावशी येत होत्या. सकाळी आठला. पाटावर बसून पाय लांब सोडायच्या, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचायचं, बाळ नडग्यांवर. कढत पाण्यात आधी स्वतःचा कोपर बुडवून बघायच्या. मोहाच्या बियांचं तेल त्या गावाकडून आणायच्या, त्याचा वास मला अजून येतो. माझं दुखलेलं अंग आईने नाही, सासूबाईंनी नाही, त्यांनी सरळ केलं. टाके दुखत होते ते मी फक्त त्यांना सांगू शकले. आणि सगळं झालं की त्या मागच्या दाराशी बसून चहा प्यायच्या. त्यांचा कप वेगळा होता. ओट्याखाली पालथा ठेवलेला. मी सून होते, नवीन होते, काही बोलले नाही. दहा वर्षं झाली, ते मला सलत आहे.

म्हणून लेकीचं वाचताना मला घासणाऱ्या बाईंबद्दल जाणून घ्यायचं होतं. तिथे त्यांना काय मिळतं? लोक कसे वागतात?

धरमपेठची लेक

भिंतीवर दरपत्रक असतं. साधं घासणं वीस-तीस हजार वॉन, म्हणजे बाराशे ते अठराशे रुपये. घासाघीस नाही, "एवढ्याशा कामाचे एवढे?" असं कुणी म्हणत नाही. पण मी स्वर्ग रंगवत नाही. बऱ्याच ठिकाणी पगार नसतो, जितक्या जणी घासल्या तितकेच पैसे. दिवसभर वाफेत, ओल्या फरशीवर उभं राहायचं. त्यांच्या बोटांची पेरं सुजलेली असायची. त्यांना हाक मारताना बायका 'इमो' म्हणतात. इमो म्हणजे आईची बहीण. मावशी.

नंदनवनवाली

इतकं गोड होऊ नये म्हणून मी लिहिते.

मी ओसाकात होते तेव्हा आई तीन महिने आली होती. तिच्या दोन्ही हातांवर गोंदण आहे, मनगटापासून कोपरापर्यंत, तुळशीवृंदावन, विंचू, ठिपके. गुडघेदुखीला बरं म्हणून तिला ओन्सेनला नेलं, जमिनीतलं गरम खनिज पाणी असतं. दारातच पाटी, गोंदलेल्यांना प्रवेश नाही. जपानमध्ये ते गुंडांशी जोडलेलं आहे. काउंटरवरच्या मुलीला फार वाईट वाटलं, तिनं वाकून वाकून माफी मागितली आणि कातडीच्या रंगाच्या चार पट्ट्या दिल्या, हे झाका म्हणाली. चारमध्ये एक हातही झाकला नसता. आईला समजावून सांगितलं तर ती म्हणाली, "बाप्पा, दागिने इथंच राहतात, मेल्यावर माणसासंगं एवढंच येते. ते झाकून न्हाऊ?" आणि चपला घालून बाहेर बाकावर जाऊन बसली. २०१३ मध्ये न्यूझीलंडच्या मूळ रहिवासी माओरींपैकी एका पाहुणीलाही चेहऱ्यावरच्या गोंदणामुळे होक्काइदोत असंच परत पाठवलं होतं.

तिथल्या पाण्यात उतरलं की आपण पाहुणी राहत नाही असं ताईंनी लिहिलंय. कुणाचं अंग तिथे चालतं, ते आधी पाहावं. माझ्या आईचं चाललं नाही.

धरमपेठची लेक

यावर माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्या आईंनी केलं ते बरोबर केलं असं वाटतं. 'प्रत्येकीने जावं' हे मी लिहिलं होतं, त्यातलं 'प्रत्येकीने' मागे घेते. मी मात्र जाईन, स्वतःचा मऊ मोजा घेऊन आणि तीन महिन्यांतून एकदा.

जुना महाल

खामल्याच्या सूनबाई, कप माझ्याही घरी वेगळा होता. आमच्या बाईला आम्ही मावशीसुद्धा म्हणत नव्हतो, 'मालिशवाली आली' असं म्हणायचो. कालपासून तिचं नाव आठवून राहिले, सापडत नाही. माझ्या दोन्ही मुलांची टाळू तिनं भरली.

नंदनवनवाली, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग.

आणि धरमपेठच्या लेकी, मी परक्यांसमोर कपडे काढणार नाही, ते माझं मत आहे तसंच आहे. पण यंदाचं अर्धा किलो उटणं शिल्लक आहे. आंबेहळद थोडीच घातली आहे, डॉक्टरबाईंनी काळजी करू नये. त्या इमोला नेऊन दे आणि तेल आधी लावायचं हे सांग. विमानात चालते ना?

धरमपेठची लेक

चालेल काकू, मोठ्या बॅगेत ठेवते. पुडीवर काय काय घातलंय ते लिहून द्या, तिथे उतरल्यावर विचारतात. मी शुक्रवारी निघते आहे, गुरुवारी संध्याकाळी महालात येऊन घेऊन जाईन.