वास परतला, पण वाकडा
कोरोनानंतर वास परतला, पण कॉफी नि परतलेला कांदा सडका लागतो, अशी काहींची तक्रार असते. हा पॅरॉस्मिया, म्हणजे ओळखीचा वास भलताच जाणवणं. विषाणू मुख्यतः नाकातल्या आधारपेशींना गाठतो. वास टिपणाऱ्या चेतापेशींवर विषाणूला आत शिरायला लागणारा एसीई-२ ग्राही (पेशीवरचं एक प्रथिन) जवळपास नसतोच. पण आधार ढासळला की या चेतापेशींचंही बिनसतं. त्या पुन्हा वाढताना मेंदूशी जुळणी अर्धवट राहते असं मानतात. म्हणून हा त्रास बऱ्याचदा काही आठवड्यांनी, महिन्यांनी उपटतो. (म्हणजे एका अर्थी सुधारणाच, पण ताटावर बसलेल्याला हे कोण सांगणार!) आणि 'चव गेली' म्हणतो तेव्हाही बहुतेकदा गेलेला असतो तो वासच. मीठ-साखर जिभेला कळतेय का, बघा. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी रोज दोनदा हुंगून वास सुधारायचा सराव वासाचे संशोधक थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये मांडला. १२ आठवडे तरी चिकाटी हवी.