मदत हवी आहे: जनुक चालू झालं की गुणसूत्र जास्त हलतं की कमी?

जिवंत पेशीत गुणसूत्रं सतत थरथरत असतात. एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारं रसायन) संपवलं की ही हालचाल बरीच मंदावते, म्हणजे ती नुसती उष्णतेमुळे होत नाही. इथवर कळलं, पुढे अडलंय. २०१८ च्या एका प्रयोगात सक्रिय जनुकांचे एन्हान्सर आणि प्रमोटर (जनुक चालू करण्यावर नियंत्रण ठेवणारे डीएनएचे भाग) जास्त हलताना दिसले. २०१९ मध्ये जपानी गटाला मात्र उलटंच आढळलं: आरएनए पॉलिमरेज-२ (चालू जनुकावरून आरएनए बनवणारं विकर) रोखल्यावर क्रोमॅटिनची (गुणसूत्रातल्या डीएनए-प्रथिनांच्या धाग्याची) हालचाल वाढली, जणू पॉलिमरेजचे पुंजकेच त्याला बांधून ठेवतात! हा प्रश्न मला स्वस्थ बसू देत नाहीये. दोन्ही खरं कसं? एकीकडे ठरावीक जागा पाहिल्या, दुसरीकडे सगळं केंद्रक, म्हणून हा फरक? की मोजमापाचा कालावधी वेगळा म्हणून? सबडिफ्यूजनचं (साध्या विसरणापेक्षा मंद, अडखळत्या हालचालीचं) गणित जाणणारं कुणी समजावेल का?