ईव्हीचे टायर बदललेत? कोल्हापूरकरांनो, अनुभव लिहा

कात्यायनीकडचा (धागाकर्ता):

कंपनीतून आलेले टायर संपले की इलेक्ट्रिक गाडीवाल्याची पंचाईत सुरू होते. उद्यमनगरपासून शिरोलीपर्यंत कुठंही विचारा, दोनच उत्तरं मिळतात. एक, 'ईव्हीला ईव्हीचाच टायर लागतो, साधा चालतच नाही.' दोन, 'टायर तो टायर, साइज बसला की झालं.' दोन्ही ऐकून कान किटले, म्हणून हा धागा. गाडी कुठली, रस्ते कुठले, काय घेतलंत आणि पहिल्या पावसात काय वाटलं, एवढं लिहा. दुकानांची जाहिरात नको, बदनामीही नको.

माझ्यापासून सुरुवात. गाडी नेक्सॉन ईव्ही, साइज २१५/६० आर १६. गावात फिरणं, आणि सासरवाडी गगनबावड्याच्या बाजूला, त्यामुळं तो रस्ता पाठ आहे. पुढचे टायर मागच्यांच्या कितीतरी आधी गोटा झाले. पुढचीच चाकं गाडी ओढणार, रीजनचा (पाय उचलला की मोटरच गाडी अडवून बॅटरी भरते, त्याचा) ताणही त्यांच्यावरच, शिवाय मोटरचा सगळा जोर पाय टेकवल्या क्षणी येणार. दुसरं काय होणार?

दुकानात साइज जुळला की टायर काढून देतात. त्यापुढचा आकडा मात्र कुणी वाचत नाही. या साइजला बहुतेक टायरवर '९५ एच' असतं. ९५ म्हणजे एका टायरला ६९० किलो भार चालतो, एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. काहींवर '९९' आणि 'एक्सएल' (म्हणजे जादा भाराचा) असतं, ते ७७५ किलोपर्यंत जातात. बॅटरीमुळं आपली गाडी पेट्रोलवालीपेक्षा शे-दीडशे किलोंनी जड, त्यात घरची पाच माणसं आणि डिकीत तांदळाचं पोतं. मी एक्सएल घेतला. कंपनीनं दिलेल्या आकड्यापेक्षा खाली जायचं नाही, एवढं पाळलं तरी पुरे. वर गेलात तर खड्ड्यात गाडी थोडी कडक आपटते, हे मान्य. आमच्या सौभाग्यवतींनी पहिल्याच दिवशी ओळखलं.

घाटवेडी:

माझं माहेर रत्नागिरी, म्हणजे महिन्यातून आंबा घाट ठरलेलाच. ईव्हीच्या टायरचा विषय निघाला की सगळी चर्चा रेंजची, म्हणजे एका चार्जिंगवर गाडी किती जाते त्याचीच चालते, त्याचं मला नवल वाटतं. कमी रोलिंग रेझिस्टन्सचा, म्हणजे फिरताना कमी ऊर्जा खाणारा टायर रेंज देतो हे खरं. आमचे मूळ टायर तसेच होते आणि उन्हाळ्यात त्यांच्याबद्दल काही तक्रार नव्हती. पण जुलैत, धुक्यात, चढावर वळणातून बाहेर पडताना जरा पाय दाबला की पुढचं चाक जागेवर फिरायचं आणि ट्रॅक्शनचा (चाक घसरतंय हे सांगणारा) दिवा लुकलुकायचा. गाडीत मागं आई बसलेली. तेव्हा रेंज कुणाला आठवते?

म्हणून बदलताना मी ओल्या रस्त्यावरची पकड आधी बघितली, रेंज नंतर. आपल्याकडं २०२२ पासून नव्या टायरना रोलिंग रेझिस्टन्स, ओली पकड आणि आवाज या तिन्हींचे किमान निकष लावायला सुरुवात झाली (एआयएस-१४२ हे त्याचं मानक). म्हणजे आताचा टायर पास झालेलाच असतो, प्रश्न ३५ गुणांनी की ८५ गुणांनी एवढाच. ते मात्र दुकानदाराच्या तोंडून नाही, कंपनीच्या माहितीपत्रकातून काढावं लागतं. मी घेतलेल्या टायरवर 'ईव्ही' असं काहीही छापलेलं नाही. भार आणि वेगाचे आकडे मूळ टायरइतकेच आहेत. रेंज थोडी गेली, जाऊ दे. साखरप्याला उतरेपर्यंत हात घामेजत नाहीत आता.

रीजनबद्दल एक. पावसात उतारावर ते सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवून एकदम पाय उचलू नका, पुढची चाकं अचानक आवळली जातात. मी एक पायरी खाली घेते आणि ब्रेक पायानं मारते.

कटवडा_स्पेशल:

भावांनो, लई खोलात शिरलाय की. माझी टियागो ईव्ही, १७५/६५ आर १४. घर कळंबा, दुकान लक्ष्मीपुरी, संध्याकाळी रंकाळा. हा साइज कुठंबी मिळतोय, दरबी हलका. वरचा ८२ आकडा जुळवला आणि साधाच टायर टाकला. गाडी मस्त चालत्या. घाटात आम्ही जातच न्हाई, मग कशाला डोक्याला ताप?

पंचगंगा_पूल:

रोज कोल्हापूर ते कागल एमआयडीसी, हायवेनं. माझा मुद्दा रेंजचाच, पण वेगळा. नवे टायर टाकल्यावर पहिल्याच आठवड्यात रेंज घसरली आणि मी दुकानदाराशी भांडायला निघालो होतो. मग वाचल्यावर कळलं की झिजलेला टायर नव्यापेक्षा हलका फिरतो. जाड नक्षीचं रबर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतं, ऊर्जा तिथं जाते. म्हणजे जुन्या गोटा टायरवरची रेंज नव्या टायरशी ताडून बघण्यात अर्थ नाही. ताडायचीच तर गाडी नवी होती तेव्हाची रेंज धरा.

आवाजाचंही लिहितो. इंजिन नाही, त्यामुळं ८०च्या पुढं टायरची घरघर तेवढी ऐकू येते. साध्या गाडीत ज्या टायरचा आवाज जाणवला नसता तो इथं डोक्यात जातो. घेण्याआधी त्याच टायरच्या दुसऱ्या कुणाच्या ईव्हीत एक चक्कर मारा.

रबर_आणि_हवा:

माझं टायरचंच काम, तीन पिढ्या. दुकानाचं नाव लिहीत नाही, धाग्याचा नियम आहे. ईव्हीसाठी म्हणून निघालेले टायर आहेत, अपोलोचा अँपेरिअन, सिएटचा एनर्जीड्राइव्ह वगैरे. साइजमध्ये मिळाला आणि बजेटात बसला तर जरूर घ्या. नाही मिळाला तर गाडी उभी करून ठेवायचं कारण नाही.

गाडी लिफ्टवर किंवा जॅकवर घेताना मात्र पोराच्या शेजारी उभे राहा. ईव्हीच्या पोटाला सपाट बॅटरी असते. नव्या पोराला सवयीनं मधेच कुठंतरी जॅक लावायची खोड. दाराच्या खालच्या पट्टीला खुणा केलेल्या असतात, जॅक तिथंच. आमच्याकडं दुसरीकडून आलेली एक गाडी बघितलीय, बॅटरीच्या पत्र्याला चेप होता.

टायरची तारीख बघा. साइडवॉलवर चार आकडी शिक्का असतो. '२३२४' म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. काही टायर आतून स्पंज लावून येतात, आवाज मारायला. त्याचं पंक्चर आतून पॅच लावून काढायचं तर तेवढा स्पंज खरवडावा लागतो, आणि ते सगळ्यांना जमत नाही. आपल्याकडं गळीत हंगामात ट्रॉल्यांतून खिळे-तारा पडतातच. कारखान्याच्या रस्त्याला असाल तर विचार करून घ्या.

हवेचं तर सांगायलाच नको. पेट्रोलवाला तेल भरायला पंपावर येतो तेव्हा हवा तरी मारून घेतो. तुम्ही घरी चार्जिंग लावून झोपता, मग महिनोन् महिने हवा कोण बघणार? कमी हवेवर टायरच्या दोन्ही कडा खातात, रेंजही खाते. ड्रायव्हरच्या दाराशी स्टिकर आहे, त्यावरचा आकडा, तोही गाडी गार असताना.

हिशेबी_अण्णा:

थोडक्यात. इलेक्ट्रिक गाडीला ५ टक्के जीएसटी म्हणून टायरलाही तोच असं समजू नका. तो २८ होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ झाला, त्यामुळं जुन्या दराचं कोटेशन कुणी पुढं केलं तर परत विचारा. विम्यात नुसता टायर फाटला तर साध्या पॉलिसीत काही मिळत नाही. अपघातात गाडीबरोबर गेला तरी निम्मी किंमत कापतात. टायरचं वेगळं कव्हर असतं, खड्ड्यांचा रोजचा रस्ता असेल तर त्याचा दर काढून बघा.

शाहूपुरी_सहावी_गल्ली:

माझे पुढचे दोनच गेलेत, मागचे निम्म्याहून जास्त शिल्लक आहेत. चार घ्यायचं बजेट नाही. दोन नवे पुढंच टाकायचे ना? जोर पुढच्याच चाकांना आहे.

रबर_आणि_हवा:

नाही. नवे मागं, मागचे पुढं. पुढचं चाक पाण्यावर सुटलं तर गाडी सरळ जाते, पाय काढला की सावरता येतं. मागचं सुटलं तर शेपूट फिरते, ते आपल्यासारख्याला सावरत नाही. जोडीतले दोन्ही एकाच कंपनीचे आणि एकाच नक्षीचे घ्या. आणि मागून पुढं आणणार तेही आधी तपासा. खाचेत बारीक उंचवटे असतात, ती १.६ मिलिमीटरची खूण. नक्षी तिथवर आली असेल तर पुढं आणून उपयोग नाही, चारीच घ्यावे लागतील.

शाहूपुरी_सहावी_गल्ली:

आत्ता मोबाइलचा टॉर्च घेऊन खाली जाऊन बघून आलो. उंचवट्याच्या बरेच वर आहेत. मग नवे मागंच टाकतो. दुकान कुठं ते व्यनि (खासगी निरोप) करा, शनिवारी येतो.