प्राचीन पूलबांधणीतील जर्मन संज्ञांसाठी इंग्रजी कोश सुचवावा (मर्यादा २,००० रुपये)

अनुवादिनी: जर्मनीतील ट्रिअर येथील मोझेल नदीवरच्या रोमन पुलाचा एक जर्मन उत्खनन-अहवाल मी इंग्रजीत आणत आहे. दगडी खांबांखाली ठोकलेल्या लाकडी खुंटांच्या पायाला त्यात 'प्फालरोस्ट' म्हटले आहे. यंत्रानुवादाने त्याचे 'पाइल रस्ट' केले, कारण जर्मनमध्ये 'रोस्ट' म्हणजे जाळीही आणि गंजही. कोणता कोश घ्यावा?

जाडजूड: माझ्याकडे दोन खंडांचा तांत्रिक कोश आहे. आपल्या मर्यादेच्या कितीतरी पट पैसे मोजले, पण ते पुरेपूर वसूल झाले. तोच घ्यावा.

नदीकाठ: मीही तोच घेतला आणि 'योख'पुढे बैलाच्या मानेवरचे जू मिळाले! लाकडी पुलात योख म्हणजे माथ्यावर तुळईने जोडलेली खुंटांची ओळ, इंग्रजीत 'बेंट' किंवा 'ट्रेसल'. परंतु काही ठिकाणी दोन आधारांमधल्या गाळ्यालाही योख म्हणतात, तेव्हा आकृती पाहिल्याशिवाय शब्द ठरवू नये.

जुनाखांब: सीझरने इ.स.पू. ५५ मध्ये ऱ्हाईनवर योखांचाच पूल १० दिवसांत उभारला होता.

नदीकाठ: ते १० दिवस लाकूड वाहून आणायला सुरुवात झाल्यापासूनचे आहेत, आणि त्याचा इथे संबंध नाही.

जाडजूड: कोशाची नवी आवृत्ती पाहावी, एवढेच पुन्हा सुचवतो.

गाळा_मोजणी: आधी अहवाल कोणत्या पुलाविषयी बोलतो ते पाहावे. इ.स. ७१ च्या सुमारास बांधलेल्या पुलाचे खांब प्फालरोस्टवर होते. आज उभे असलेले दुसऱ्या शतकातले खांब मात्र 'फांगडाम', म्हणजे पाणी अडवणारा तात्पुरता बांध, इंग्रजीत 'कॉफरडॅम', घालून पाणी उपसलेल्या पात्रात बांधले. रोमन वास्तुशास्त्रज्ञ व्हिट्रुव्हिअसच्या पाचव्या ग्रंथातील बाराव्या प्रकरणात अशा बांधाचे, दुहेरी खुंटांमध्ये लव्हाळ्याच्या टोपल्यांतून चिकणमाती ठासण्याचे वर्णन आहे. त्याचा १९१४ चा इंग्रजी अनुवाद फुकट मिळतो, तेव्हा पैसे न घालता शब्द तिथूनच उचलावेत. शिवाय 'लिष्टे वाइटे' हे दोन खांबांमधले मोकळे अंतर आहे, 'श्टुट्झवाइटे' हे आधाराच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे. दोन्हींना नुसते 'स्पॅन' लिहिले तर मापे जुळणार नाहीत.

जाडजूड: हे सगळे माझ्या कोशात आहेच.

अनुवादिनी: सर्वांचे आभार. फांगडाम आणि दोन्ही अंतरे आपण सांगितल्याप्रमाणे घेते. प्फालरोस्ट आणि योख मात्र जर्मनच ठेवून पहिल्या उल्लेखाशेजारी आकृती देणार आहे, आणि कोशासाठी ठेवलेले पैसे रेखाटनकाराला देते.

जाडजूड: संपादक ते शब्द खोडतील, लिहून ठेवावे.