वीजवापर कमी करायचा, तर सुरुवात कुठून करावी?

प्रश्न :
घरातील सर्व जुने बल्ब काढून आम्ही एलईडी दिवे बसवले आणि मोबाइलचे चार्जर काम झाल्याबरोबर काढून ठेवण्याची सवय सर्वांनी लावून घेतली, तरीही बिलावरील युनिटांचा आकडा फारसा खाली आलेला नाही. घरात साठवणीचा गीझर, फ्रिज, पंखे, टीव्ही व सेट-टॉप बॉक्स आहे, एसी नाही. गार झालेले पाणी पुन्हा तापवायला जास्त वीज लागते असे ऐकल्यामुळे गीझर दिवसभर चालूच असतो. नेमकी बचत कोठे होऊ शकेल, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ :
दिवे बदललेत हे उत्तमच झाले. ६० वॅटच्या जुन्या बल्बइतका उजेड साधारण ९ वॅटचा एलईडी देतो. चार्जरमधून मात्र फारसे काही हाती लागणार नाही. १००० वॅटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट होते, आणि फोन न जोडलेला चार्जर ०.३ वॅट घेत असेल असे धरले, तर महिनाभर लावून ठेवूनही पाव युनिट भरत नाही. उलट, टीव्ही बंद केल्यावरही जागा राहणारा सेट-टॉप बॉक्स १० वॅट घेत असेल, तर महिन्याला सात युनिटे कोणाच्या लक्षातही न येता खर्च होतात. त्याचे भिंतीवरील बटण रात्री आठवणीने बंद करावे.

उत्तर २ :
माझ्या मते खरी गळती गीझरमध्ये आहे. २० लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला सुमारे ०.६ युनिट लागते, आणि तेवढी वीज कोणत्याही गीझरला लागणारच; ती कमी करायची तर गरम पाणीच कमी वापरायला हवे. परंतु टाकीतील उष्णता सतत बाहेर झिरपत असते, आणि पाणी व भोवतालची हवा यांच्या तापमानातील फरक जितका मोठा, तितकी ती वेगाने जाते. गीझर बंद केल्यावर पाणी निवत जाते, तसा हा वेगही मंदावतो. चालू ठेवल्यास तो दिवसभर तसाच राहतो. पुन्हा तापवताना केवळ मधल्या काळात गेलेली उष्णता भरून काढावी लागते, आणि ती चालू गीझरने गमावलेल्या उष्णतेपेक्षा नेहमी कमीच असते. तेव्हा आपण जे ऐकले ते बरोबर नाही. आंघोळीच्या थोडे आधी गीझर सुरू करावा व पाणी तापले की बंद करावा.

उत्तर ३ :
वरील मताशी मी पूर्ण सहमत आहे. फक्त पंखे विसरू नयेत. साधा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, तर बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज घेणाऱ्या डीसी) मोटरचा पंखा पूर्ण वेगातही ३० वॅटच्या आसपास घेतो. रोज बारा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला सोळा युनिटे वाचतात, परंतु क्वचित वापरल्या जाणाऱ्या खोलीतील पंखा बदलण्याची घाई करू नये. पंखा खोलीतील हवा थंड करत नाही, अंगावरून वारा फिरवतो, म्हणून रिकाम्या खोलीत तो चालू ठेवून काहीच साधत नाही.

फ्रिजचा अंदाज त्यावर छापलेल्या वॅटवरून करू नये, कारण कॉम्प्रेसर अधूनमधून थांबतो. सॉकेटमध्ये लावायचे छोटे मीटर मिळते, त्यावर किमान पूर्ण दिवसाचे मोजमाप घ्यावे. दारात कागद अडकवून तो सहज निसटतो का, तेही पाहावे. निसटत असल्यास दाराचे रबर बदलण्याची वेळ झाली आहे.

प्रश्नकर्ता :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. गीझरची पद्धत आजपासूनच बदलत आहोत. पंखा हळू फिरवल्याने वीज वाचते का, एवढी एकच शंका उरली आहे.

उत्तर ३ :
ते रेग्युलेटरवर अवलंबून आहे. जुना, मोठ्या डब्यासारखा रेग्युलेटर पंख्याचा वेग कमी करताना बरीचशी वीज स्वतःच उष्णतेच्या रूपाने घालवतो. म्हणूनच तो हाताला गरम लागतो. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असल्यास वेग कमी केल्यावर वीज खरोखरच वाचते.